स्प्लेंडरचं इंजिन घरी खोलायचं आहे : हाफ की फुल?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची गाडी २००८ ची स्प्लेंडर आहे, वडिलांच्या हातची. हुडकेश्वरहून काटोलकडच्या शेतावर नेहमीची ये-जा. आता निळसर धूर सुरू झालाय आणि पुढच्या ऑइल चेंजच्या कितीतरी आधीच तेल पट्टीच्या खालच्या खुणेवर येतं. एका मिस्त्रीने ‘फुल इंजिन’ सांगितलं, दुसरा म्हणाला ‘हाफमध्ये होऊन जाईल’. दोघांवरचाही भरवसा उडाला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरीच, गच्चीवर, इंजिन खोलायचा बेत केलाय. विचारलंय ते एवढंच, की कोणता नट आधी आणि कोणता नंतर. जाता जाता हेही, की तोवर जाड तेल टाकलं तर चालेल का.

मानेवाडा रोडवर माझं गॅरेज आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत स्प्लेंडरच जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नट कोणता आधी हे कुणीही सांगेल. खरी अडचण वेगळी आहे : इंजिन कुठपर्यंत खोलायचं हे तुम्ही आत काही न बघताच ठरवू पाहताय. तुमच्या दोन्ही मिस्त्र्यांनीही तेच केलं.

हाफ म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, त्यावरच्या रिंगा, व्हॉल्व्ह. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, दुभंगायची नाही. फुल म्हणजे केस फोडून क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा), बेअरिंगं, गिअरबॉक्स सगळं टेबलावर. यातलं काय लागणार हे गाडी स्टँडवर उभी असताना ठरत नाही. इंजिन एकेक थर करून उतरतं, आणि प्रत्येक थराला थांबून बघायचं असतं की आपल्याला हवं ते उत्तर मिळालं का. मिळालं तर तिथून पुढे पाना लावायचा नाही. कंपनीच्या हाताने बसलेली केस विनाकारण फोडू नये, असं माझं मत आहे.

फुल सांगणारा मिस्त्री लुटारूच असतो असंही नाही, बरं का. वरचं काम नवं झालं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि पिस्टन-क्रँकला जोडणाऱ्या, आधीच थकलेल्या कनेक्टिंग रॉडवर जोर येतो. महिन्याभरात खालून खटखट सुरू होते आणि गिऱ्हाईक दारात उभं : ‘काहून भाऊ, तुम्हीच तर इंजिन बनवून दिलं ना?’ त्या भांडणापेक्षा आधीच फुल सांगून टाकलेलं बरं, असा हिशेब असतो. हिशेब समजू शकतो, पण त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

तर आधी पाना न उचलता काय कळतं ते बघू. तेल जास्त तर भरलेलं नाही ना? खालच्या खुणेची धास्ती घेऊन माणसं वरच्या खुणेच्याही वर तेल ओततात, आणि जास्तीचं तेल ब्रीदरच्या (केसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या) नळीने एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन तिथून जळतं. ती नळी दबली किंवा चोंदली असेल तरी केसमध्ये दाब वाढून तेल वर चढतं. हे दोन्ही फुकटात दुरुस्त होतं.

मग धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की निळा भपका, आणि मिनिटाभरात साफ, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर देईल तसा धूर वाढतो आणि देत राहाल तोवर येतच राहतो, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक. आणखी एक चाचणी आहे. घाटाच्या गावात ती सहज होते, आपल्या सपाट नागपुरात उड्डाणपूल शोधावा लागतो. वर्धा रोडच्या पुलावरून गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून खाली या आणि उतार संपला की एकदम द्या. मागून दुसऱ्या गाडीवर कुणाला तरी नजर ठेवायला सांगा. सोडलेल्या ॲक्सिलरेटरमध्ये इंजिन जोरात ओढ घेतं आणि झिजलेल्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून) तेल खाली खेचतं. खाली आल्यावर जो भपका निघतो तो त्याचाच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेचा पांढरा, लगेच विरणारा धूर मात्र नुसती वाफ असते. तेवढ्यासाठी गॅरेजला येणारेही आहेत.

कॉम्प्रेशन गेज मिळालं तर प्लग काढून तिथे लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारा. आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायची रीत आहे : आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. पण स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे. तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगभर पसरत नाही. म्हणून या इंजिनात ‘वाढला नाही’ या उत्तरावर मी फारसा विसंबत नाही. वाढला तर मात्र मानतो.

आणि कान. धूर आहे पण आवाज स्वच्छ आहे, तर खालचा भाग शाबूत असण्याची शक्यता बरीच. लोड घेतल्यावर खोलातून जड खटखट येते, विशेषतः डबल सीट चढावर, तर कनेक्टिंग रॉडची तयारी ठेवा.

आता खोलण्याकडे. हेड आणि ब्लॉकपर्यंतचं काम घरी होतं. बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं), व्हॉल्व्हची सीट (तो जिथे टेकतो ती कड) कापणं, क्रँक प्रेस करणं हे घरचं काम नाही. ते लेथवाल्याकडेच जाणार. पाने चांगले हवेत. घासलेल्या गोटी पान्याने हेडच्या नटाचे कोपरे गेले की तिथेच दिवस जातो. साइड कव्हरच्या स्टार स्क्रूंना साधा पेचकस लावूच नका, पहिल्याच जोराला खाच गोल होते. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, नीट बसणारा बिट लावा आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्या. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चाक) काढायला पुलरच हवा. हातोडीने मॅग्नेट निघतोही, पण मार क्रँकवर बसतो आणि हाफचं काम तिथल्या तिथे फुल होतं.

गच्चीवर खोलायचं म्हणताय, तर ते टाळा. दिवाळीच्या वेळी हवा कोरडी असते, धूळ उडते, आणि उघड्या केसमध्ये गेलेली धूळ नव्या रिंगांना आधी खाते. बंद खोली घ्या, खाली जुनी चादर टाका. खोलण्याआधी इंजिन बाहेरून डिझेल आणि ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवा. ब्लॉकच्या बुडाशी काळ्या मातीचा जो थर दगडासारखा बसलेला असतो, तो ब्लॉक उचलताना सरळ केसच्या तोंडात पडतो. पेट्रोलने धूत असाल तर दारं-खिडक्या उघड्या, आणि जवळपास दिवाही नको, पणतीही नको. दिवाळी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

स्क्रूंसाठी संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा घ्या, शेतावर मिळेलच. त्यावर कव्हरचा आकार काढा, स्क्रू जिथून निघाला तिथे भोक पाडून त्यातच खोचून ठेवा. क्लच कव्हरचे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला की केसला तडा जातो. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत लांबी दिसत नाही.

मी इंजिन फ्रेममधून खाली उतरवूनच काम करतो. दोघांनी धरलं की आरामात उतरतं, आणि टेबलावर उजेडात जे दिसतं ते गाडीखाली वाकून दिसत नाही. तेल आधी काढा, आणि ते फेकू नका. पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा, मग फडकं उन्हात धरून तिरपं करून बघा. मैद्यासारखी बारीक करडी चमक वय झालेल्या इंजिनात असतेच. पण बोटाला टोचणारे चपटे चकचकीत तुकडे दिसले तर ते बेअरिंगमधून किंवा गिअरच्या दातांतून आलेत. काही उघडायच्या आत मिळालेला हा पहिला पुरावा.

हेड उतरवण्याआधी पिस्टन टॉपला, म्हणजे हेडकडच्या टोकाला, आणायचा. प्लग काढा, मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, ‘टी’ची खूण केसवरच्या खुणेसमोर आली की दोन्ही रॉकर हलवून बघा. दोन्हींत किंचित ढिलाई लागली तर बरोबर. एखादा घट्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा. या स्थितीत कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ‘ओ’ हेडवरच्या खाचेसमोर येतो. त्याचा फोटो काढाच, बसवताना याच एका खुणेवर सगळं उभं आहे. टेन्शनर ढिला करा, स्प्रॉकेट काढा आणि टायमिंग चेनला तार बांधून बाहेर अडकवून ठेवा. हेडचे नट तिरक्या क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे करून सोडा. एकच नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर हेड वाकतं. कोणत्या नटाखाली तांब्याचा वायसर होता ते लिहून ठेवा. स्टडच्या बाजूने तेल वर चढतं, वायसरची अदलाबदल झाली की तिथून गळती लागते. हेड चिकटलं असेल तर लाकडी ठोकळ्याने बाजूने ठोका. फटीत पेचकस घालून उचकायचं नाही. पॅकिंगच्या जागेवर पडलेला चरा कुठल्याही सोल्युशनने भरत नाही.

हेड हातात आलं की इथे अर्धा तास द्या. साफ करू नका, आधी बघा. कार्बन पुसला की पुरावाही गेला.

इनलेटच्या तोंडातून टॉर्च मारून व्हॉल्व्हची पाठ बघा. चांगल्या इंजिनात तिथे हलका तपकिरी, कोरडा थर असतो. डांबरासारखी काळी, ओली, जाड गाठ जमली असेल तर तेल गाइडमधून येतंय. मग पिस्टनचं डोकं बघा. सगळीकडे सारखा कोरडा कार्बन असेल तर ठीक. पण कडेने एखादी पट्टी धुतल्यासारखी स्वच्छ आणि ओलसर दिसली, तर त्या बाजूने रिंगांवरून तेल वर येतंय. या दोन जागा बघितल्या की धुराचा बहुतेक निकाल लागलेला असतो. कधी दोन्हीकडे सापडतं. २००८ च्या गाडीत नवल नाही.

व्हॉल्व्ह बंद असताना एकेका पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता आणि पाच मिनिटं थांबा. खाली ओल आली तर व्हॉल्व्ह बसत नाही. थोडी ओल असेल तर पेस्ट लावून घासल्याने भागतं. सीट खोल गेली असेल तर लेथवाला. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह थोडा बाहेर ओढून आडवा हलवा. स्पष्ट डुगडुगला तर गाइड गेलं, आणि मग नुसतं सील बदलून उपयोग नाही. नवं सील त्या डुगडुगीने लवकरच फाटतं.

पुढचा थर ब्लॉक. ब्लॉक सरकवून पिस्टन जरासा बाहेर दिसला की लगेच थांबा आणि केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टन पिनचं लॉक काढताना ते उडतं, आणि केसमध्ये पडलं तर ते शोधायला केस फोडावी लागते. इतकुश्या तारेपायी फुल इंजिन! आमच्याकडे खोक्यात भरून येणाऱ्या इंजिनांची कथा बऱ्याचदा हीच असते. लॉक जुनं परत वापरू नका. पिस्टनवर ‘आय-एन’ खूण असते, ती इनलेटच्या बाजूला. बसवतानाही तशीच.

बोअर पुसून उजेडात धरा. उभ्या रेषा दिसतील. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर बोअरिंगला पर्याय नाही. नख अडकत नाही, पण सगळा बोअर आरशासारखा चकचकतोय, तर मोजल्याशिवाय बोलू नका. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, म्हणून ९७.२ सीसी. घरी एक मोजमाप होतं : वरची रिंग पिस्टनवरून उतरवून बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. एवढ्या बोअरला नवी रिंग साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट ठेवते. ०.५ च्या पुढे गेली तर ती संपली. हेच बोअरमध्ये वर आणि तळाशी करून बघा. दोन आकड्यांत फरक आला तर बोअर निमुळता झालाय.

तुमच्या गाडीबाबत माझा अंदाज रिंगा-बोअरकडेच झुकतो, कारण शेतरस्ता. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पिठासारखी उडते. एअर फिल्टर फाटका असेल किंवा त्याच्या डब्याचं झाकण नीट बसत नसेल तर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. अशा इंजिनात रिंगेची धार ब्लेडसारखी झालेली असते. फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी तपासा. ती चिरलेली असेल तर बाकीचा खर्च पाण्यात.

‘नुसत्या रिंगा टाकून द्या’ ही मागणी रोज येते. बोअर गोल आणि मापात असेल, वर होनिंग (बोअरची भिंत बारीक खरवडणं) करून घेतलं, तर चालतं. चकचकीत झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसतच नाहीत, आणि धूर परत येतो. बोअर करायचा तर ०.२५, ०.५०, ०.७५ असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या, आणि त्या पिस्टनला मोजून बोअर करायला सांगा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणारे उलटं करतात. पिस्टन आणि बोअरमधली फट शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात असते. तयार बोअर किट घ्यायचं तर अधिकृत दुकानातून बिल घेऊन घ्या. निम्म्या किमतीत मिळणारं घेऊ नका, त्यातल्या रिंगांचा भरवसा नाही.

ब्लॉक उतरला की फुलचा निकाल लावायची वेळ. क्रँक टॉपला ठेवून कनेक्टिंग रॉड त्याच्या लांबीच्या दिशेने आत-बाहेर ओढून-ढकलून बघा. आडवं थोडं हलणं चालतं, ते असायलाच हवं. लांबीच्या दिशेने मात्र काहीही जाणवता कामा नये. टक् असा जरासा ठोका लागला तरी रॉड गेला. नवी पिस्टन पिन रॉडच्या छोट्या तोंडात घालून तिथली ढिलाईही बघा.

उजवं कव्हर काढून क्रँकवरचा तेलाचा सेंट्रिफ्युगल फिल्टरही उघडा. फिरत्या वाटीत कचरा बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि तिथे गडद, चिकणमातीसारखा थर बसतो. इंजिनाचा सगळा इतिहास त्या थरात असतो. बोटांत चोळा : मऊ लागला तर नुसता कार्बन, खरखरीत आणि चमकणारा असेल तर खाली काहीतरी झिजतंय. शेवटी क्रँक हाताने हळू फिरवा. बेअरिंगमध्ये रेतीसारखं काही लागतं का, आणि टोक धरून वर-खाली केलं तर हलतं का ते बघा.

तेलात तुकडे नाहीत, रॉड पक्का, क्रँक मुलायम, गिअर सुटत नव्हते, तर केस बंद राहू द्या. हाफमध्ये काम झालं. यातलं एक जरी फसलं तर फुल. तिथे स्वतः हात घालू नका, केस तशीच खोक्यात घालून जाणत्याकडे न्या. एक इशारा देऊन ठेवतो : ‘भंगारातलं चांगलं इंजिन बसवून देतो, स्वस्तात पडेल’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो आणि आरसीत तोच लागतो. गाडीची १५ वर्षं उलटलीत, नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते. तिथे नंबर जुळला नाही तर दुरुस्तीपेक्षा मोठं लचांड मागे लागेल.

बसवणं म्हणजे हेच सगळं उलट्या क्रमाने, फक्त पॅकिंग आणि ओ-रिंगा नव्या, रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ न देता, आणि नट टॉर्क पान्याने, तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. प्लग न लावता किक मारून तेल हेडपर्यंत पोचू द्या, मग प्लग लावा.

जाड तेलाचं : २०डब्ल्यू-५० टाकलं की काही दिवस धूर कमी दिसतो हे खरं आहे, पण झीज थांबत नाही, आणि थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो म्हणून जाडच बरं, असं मानणारे खूप आहेत. मी मॅन्युअलमधलं १०डब्ल्यू-३० च टाकतो. कारचं तेल तर मुळीच नको. या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, तो घसरायला लागेल. काम झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस पन्नासच्या आत चालवा, एकाच वेगाने लांब पल्ला नको, काटोलचा फेरा डबल सीट करू नका. पहिलं तेल पाचशे किलोमीटरला काढा आणि तेही फडक्यातून गाळा. नव्या रिंगा बसताना निघालेली बारीक भुकटी दिसेल, ती चालते. तुकडे दिसले तर गाडी सुरू न करता घेऊन या.